सेमिनारमध्ये तोंड उघडायचं कसं?

पॉडकास्टच्या या भागाची ही लेखी प्रत. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.

इअरफोन लावलेत ना? चला, सुरू करू या.

आजचा भाग परदेशात शिकायला निघालेल्यांसाठी आहे, आणि नुकतेच तिथे पोहोचलेल्यांसाठीही. व्हिसा, फी, खोली, बॅगेत गोडा मसाला किती न्यायचा, या सगळ्यावर तुम्हाला हवे तेवढे व्हिडिओ सापडतील. पण वर्गात बसल्यावर बोलायचं कसं, यावर फारसं कुणी बोलत नाही. आणि खरी गोची तिथेच होते. आयईएल्टीएसमध्ये सात बँड असतात, इंग्रजी सिरीज सबटायटल न लावता कळतात, दुकानात, बसमध्ये कुठे अडत नाही. तरी सेमिनारच्या खोलीत तासभर बसून मुलं एक शब्द न बोलता बाहेर येतात. मग मनात येतं, "आपलं इंग्रजीच कच्चं आहे." माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा इंग्रजी कच्चं नसतं. एक वेगळंच काम असतं, जे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. ते काम शिकता येतं. कसं, ते आज बघू.

परीक्षेतलं बोलणं आणि वर्गातलं बोलणं

आधी आयईएल्टीएसची तोंडी परीक्षा आठवा. ११ ते १४ मिनिटं. समोर एकच परीक्षक. तो विचारतो, थांबतो, तुम्ही बोलता. दुसऱ्या भागात एक कार्ड मिळतं, तयारीला १ मिनिट, मग १ ते २ मिनिटं सलग बोलायचं. तुमचं मधे कुणी तोडत नाही, तुमच्याशी कुणी वाद घालत नाही. बोलायची पाळी तुम्हाला आयती मिळते.

आता सेमिनार बघा. आपण उदाहरण म्हणून ब्रिटनमधली एक वर्षाची मास्टर्स घेऊ, कारण आपल्याकडची बरीच मुलं तिथे जातात. टेबलाभोवती दहा-पंधरा जण. आठवडाभर आधी वाचायला दिलेले दोन-तीन लेख. शिक्षक एक प्रश्न टाकतात आणि गप्प बसतात. नाव घेऊन कुणी तुम्हाला विचारत नाही. एक जण बोलतो, त्याचं संपायच्या आत दुसरी सुरू होते. हे म्हणजे लोकलसारखं आहे. गाडी स्टेशनात थांबते तेवढ्याच वेळात चढायचं. तुम्ही प्लॅटफॉर्मवर उभे राहून मनातल्या मनात वाक्य जुळवताय, "हॅज" की "हॅव" ते तपासताय, तोवर गाडी गेलेली असते. विषय बदललेला असतो.

म्हणजे परीक्षेत तपासलं जातं ते सलग बोलणं. वर्गात लागतं ते पाळी मिळवणं, दुसऱ्याच्या मुद्द्याला आपला मुद्दा जोडणं, न दुखावता विरोध करणं. बँड चांगला असूनही वर्गात गाडी अडते ती यामुळे.

गप्प बसण्याची किंमत

कुणी म्हणेल, नाही बोललो तर काय बिघडलं? परीक्षेत लिहीन की चांगलं.

बिघडतं. एक वर्षाच्या मास्टर्समध्ये वर्गातलं शिकवणं मुख्यतः दोन सत्रांत असतं, एक सत्र साधारण १० ते १२ आठवड्यांचं. म्हणजे एका विषयाचे सेमिनार जेमतेम दहा-बारा. "आधी जरा रुळतो, मग बोलेन" म्हणत पहिले पाच आठवडे गेले, की निम्मा विषय संपला. काही अभ्यासक्रमांत सहभागाला गुण असतात, प्रेझेंटेशनला तर असतातच. गटात काम करताना जो बोलत नाही त्याच्याकडे स्लाइडचे रंग आणि फॉन्ट नीट करायचं काम येतं, विषय दुसरेच मांडतात. पुढे पीएचडीला किंवा नोकरीला शिफारसपत्र लागतं. ज्या प्राध्यापकांनी वर्षभर तुमचा आवाजच ऐकला नाही, ते त्या पत्रात काय लिहिणार? "नियमित हजर होता", एवढंच. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेलं असतं. त्या पैशातला मोठा भाग या टेबलाभोवतीच्या चर्चेसाठी भरलेला असतो.

आणखी एक गोष्ट आहे. आपल्या शाळा-कॉलेजात गप्प बसणं म्हणजे आदर. सर शिकवताहेत, आपण ऐकतोय. हात वर करायचा तो उत्तर पक्कं माहीत असेल तरच. तिकडच्या सेमिनारमध्ये त्याच गप्प बसण्याचा अर्थ वेगळा लागतो: यानं वाचलेलं नाही, किंवा याचं काही मत नाही. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत, पण तुम्ही बसलाय त्या खोलीचा नियम कुठला, हे माहीत हवं. त्या खोलीत अर्धवट विचार चालतो. "मी अजून यावर विचार करतोय, पण मला असं वाटतं…" असं सुरू केलेलं वाक्य तिथे पूर्णपणे मान्य आहे.

अ‍ॅक्सेंटची भीती

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. "माझा अ‍ॅक्सेंट गावठी आहे हो."

मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या कॅनडातल्या दोन संशोधकांनी १९९५ साली एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. बोलणाऱ्याचा अ‍ॅक्सेंट परका वाटणं आणि त्याचं बोलणं न समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅक्सेंट ठळक असूनही बोलणं पूर्ण समजू शकतं. पुढे २००० साली जेनिफर जेनकिन्स यांनी, वेगवेगळ्या देशांतली माणसं एकमेकांशी इंग्रजीत बोलतात तेव्हा कुठले उच्चार खरोखर महत्त्वाचे ठरतात, यावर पुस्तक लिहिलं. "थिंक"मधला थ हुबेहूब इंग्रजांसारखा आला नाही तरी अडत नाही, असं त्यांचं म्हणणं. वाक्यातल्या नेमक्या शब्दावर जोर देणं मात्र महत्त्वाचं.

तेव्हा बीबीसीच्या निवेदकासारखं बोलायचा नाद सोडा. त्याऐवजी मराठी जिभेनं तीन गोष्टी सांभाळायच्या.

पहिली, शब्दातला जोर. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनानं बोलतो. इंग्रजीत एका जागी जोर पडतो आणि बाकीची अक्षरं दबतात. जोर चुकीच्या जागी पडला, की ओळखीचा शब्दही समोरच्याला पटकन कळत नाही. "अनॅलिसिस"मध्ये जोर "नॅ"वर, पण "अनॅलिटिकल"मध्ये "लि"वर. "इकॉनॉमी"मध्ये "कॉ"वर, पण "इकॉनॉमिक"मध्ये "नॉ"वर. "मेथड"मध्ये "मे"वर, "मेथडॉलॉजी"त "डॉ"वर. तुमच्या विषयातले असे तीस शब्द काढा, ऑनलाइन डिक्शनरीत स्पीकरचं चिन्ह दाबून ऐका आणि जोराच्या जागी पेन्सिलनं खूण करा.

दुसरी, "व्ही" आणि "डब्ल्यू". आपल्या तोंडून दोन्ही "व"च येतात. "व्ही"ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. "डब्ल्यू"ला दात लागत नाहीत, ओठांचा चंबू होतो. "व्हेरिएबल", "व्हॅल्यू", "वेट" हे शब्द आकडेवारीच्या तासाला पावलोपावली येतात. आरशासमोर दोन मिनिटं रोज, पुरे आहे.

तिसरी, थांबे. घाबरलं की आपण सुसाट सुटतो. ऐकणाऱ्याला अ‍ॅक्सेंटपेक्षा त्या वेगाचा जास्त त्रास होतो. एक मुद्दा, छोटा थांबा, पुढचा मुद्दा. थांबलात म्हणून कुणी तुम्हाला कच्चं समजत नाही.

पाच छोटी कामं

आता मुख्य भाग. सेमिनारमधलं बोलणं म्हणजे पाच छोटी कामं. प्रत्येकाची दोन-दोन वाक्यं तोंडात बसवून ठेवायची, म्हणजे ऐन वेळी डोकं मुद्द्याकडे लावता येतं.

एक, शिरणं. "कॅन आय जस्ट कम इन हिअर?" किंवा "कॅन आय पिक अप ऑन दॅट पॉइंट?" हे वाक्य म्हणजे दारात टाकलेला पाय. ते म्हटलं की सगळे तुमच्याकडे बघतात आणि पुढचं वाक्य जुळवायला दोन सेकंद मिळतात. शिरताना आधीच्या बोलणाऱ्याचा मुद्दा धरलात तर आणखी सोपं.

दोन, विचारणं. "कुड यू से अ बिट मोअर अबाउट दॅट?" किंवा "सो आर यू सेइंग दॅट…?" असं म्हणून आपल्याला काय कळलं ते सांगायचं. नुसतं "रिपीट प्लीज" म्हटलं तर समोरचा तेच वाक्य मोठ्यानं म्हणतो. आणि इथे एक सावधगिरी. आपण सहज म्हणतो, "सर, आय हॅव अ डाउट." आपल्याकडे डाउट म्हणजे शंका, प्रश्न. तिकडे ऐकणाऱ्याला वाटतं, याला माझ्या म्हणण्यावरच संशय आहे. "आय हॅव अ क्वेश्चन" म्हणा. तसंच ओळख करून देताना "आय पास्ड आऊट लास्ट इयर" म्हटलंत तर त्यांना वाटेल तुम्ही गेल्या वर्षी चक्कर येऊन पडलात! "आय ग्रॅज्युएटेड" म्हणा.

तीन, दावा मोजून मापून करणं. "धिस मे सजेस्ट…", "इट सीम्स दॅट…", "टेंड्स टू…". आपल्याला वाटतं, अशी वाक्यं म्हणजे बोटचेपेपणा. पण मराठीतही आपण म्हणतोच की, "असं दिसतंय", "बहुतेक", "निदान आमच्याकडे तरी". हातात जेवढा पुरावा, तेवढाच मोठा दावा. अभ्यासाच्या भाषेत हा प्रामाणिकपणा समजला जातो.

चार, विरोध. कट्ट्यावर आपण सरळ म्हणतो, "छे, तसं नाहीये." त्याचं शब्दशः "नो, नो, इट इज नॉट लाइक दॅट" केलं की खोलीत एकदम शांतता पसरते. त्याऐवजी "आय टेक युवर पॉइंट, बट…" किंवा "आय'म नॉट शुअर दॅट फॉलोज." आधी समोरच्याचं जेवढं बरोबर आहे तेवढं मान्य करायचं, मग आपली अडचण मांडायची. विरोध माणसाला नसून मुद्द्याला आहे, हे वाक्यातच दिसलं पाहिजे.

पाच, वेळ मिळवणं. अचानक प्रश्न आला तर "लेट मी थिंक अबाउट दॅट फॉर अ सेकंद." बोलता बोलता वाक्य फसलं तर "व्हॉट आय'म ट्रायिंग टू से इज…" आणि पुन्हा सुरुवात. फसलेलं वाक्य सोडून नवीन सुरू करणं अगदी चालतं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही दर मिनिटाला हेच करतात.

१९१६ चा एक सेमिनार

हे सगळं वरवरचं, नुसत्या शिष्टाचाराचं वाटतंय का? मग एक जुना सेमिनार बघू.

९ मे १९१६. न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये २५ वर्षांचा एक विद्यार्थी निबंध वाचतोय. विषय, भारतातली जातिसंस्था: तिची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. विद्यार्थ्याचं नाव भीमराव आंबेडकर. हा निबंध पुढच्या वर्षी छापला गेला आणि आज नेटवर मोफत वाचायला मिळतो.

तो वाचताना आपल्या पाच कामांवर नजर ठेवा. आधी ते सेनार, नेसफिल्ड, रिस्ली आणि केतकर या चार अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या मांडतात. हे केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात शिकलेले. आंबेडकर प्रत्येक व्याख्येत काय निसटलंय ते दाखवतात. केतकरांच्या कामाची कदर करतात, आणि मग म्हणतात की केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणं खरं तर एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. त्यातून स्वतःचा मुद्दा उभा करतात: जातीचा गाभा म्हणजे जातीबाहेर लग्नाला बंदी. आणि शेवटी काय म्हणतात? हे माझं अंतिम मत नाही, चर्चेत घातलेली भर आहे, आणि ते टिकणारं नाही असं कुणी दाखवलं तर मी सोडून द्यायला तयार आहे.

ज्या विषयाचे चटके स्वतः सोसले, त्या विषयावर, परक्या देशात, परक्या भाषेत, इतकी ठाम मांडणी. आणि तरीही दाव्याला माप आहे, विरोधाला अदब आहे. सौम्य शब्द वापरल्यानं मुद्दा बोथट होत नाही, हे बघायचं असेल तर हा निबंध वाचा. मोठ्यानं वाचा.

आपल्याकडचं काय न्यायचं?

या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. त्या खोलीत इतरांना पुस्तकातून माहीत असलेला विषय त्यांना आतून माहीत होता. तुमच्याकडेही असं काहीतरी आहे.

समजा, मजुरांच्या स्थलांतरावर चर्चा चाललीय आणि तुम्ही बीडचे आहात. ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे "एक कोयता" धरतात, मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत माणूस बांधलेला राहतो, हे तुम्हाला माहीत आहे. टेबलावरच्या बाकी कुणाला नसेल. पण "मुकादम", "उचल" हे शब्द तसेच फेकून चालणार नाही. दोन वाक्यांत फोड करता आली पाहिजे: "इन द रीजन आय'म फ्रॉम, केन कटर्स गेट अ‍ॅन अ‍ॅडव्हान्स बिफोर द सीझन. अ हजबंड अँड वाइफ आर काउंटेड अ‍ॅज वन युनिट." आणि मग ते लेखाला जोडायचं: "सो आय'म नॉट शुअर द ऑथर्स आयडिया ऑफ फ्री चॉइस वर्क्स हिअर." बघा, तीन वाक्यं झाली. व्याकरण साधं, शब्द साधे, पण त्या तासातला हा लक्षात राहणारा मुद्दा असेल. बचत गट असो, सहकारी साखर कारखाना असो, टँकरचं पाणी असो, तुमच्या विषयाला जोडणारं एखादं उदाहरण इंग्रजीत सांगायला तयार ठेवा.

सराव, मोबाइलवर

आता व्यवहाराचं बोलू. वेळ रोजचा वीस मिनिटं.

ऐकायला आणि वाचायला काय? मिशिगन विद्यापीठानं आपल्याच आवारातल्या तासांचं, सेमिनारचं, प्राध्यापक-विद्यार्थी भेटींचं खरं बोलणं रेकॉर्ड करून ते शब्द न् शब्द उतरवलंय. मायकेस नावानं हा साठा नेटवर मोफत आहे, सुमारे १८ लाख शब्द. वाचून बघा. प्राध्यापकसुद्धा "अम्" करतात, वाक्य अर्धवट सोडतात, शब्द शोधतात. हे बघितलं की निम्मी भीती जाते. मँचेस्टर विद्यापीठाची अ‍ॅकॅडेमिक फ्रेजबँक ही साइट आहे, मुख्यतः लिखाणासाठी, पण विरोध करणं, जपून दावा करणं याची वाक्यं तिथे कामानुसार लावलेली आहेत. आणि यूट्यूबवर थ्री मिनिट थीसिस शोधा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं २००८ मध्ये सुरू केलेली ही स्पर्धा. अख्खा पीएचडीचा विषय, ३ मिनिटं, एकच स्लाइड. वेगवेगळ्या देशांची मुलं आपापल्या अ‍ॅक्सेंटमध्ये किती स्वच्छ बोलतात ते ऐका.

बोलायचा सराव असा. सेमिनारचा लेख वाचून झाला की कागदावर फक्त तीन ओळी: एक मुद्दा पटलेला किंवा न पटलेला, एक प्रश्न, एक आपल्याकडचं उदाहरण. मग मोबाइलवर स्वतःलाच व्हॉइस नोट करा, दीड मिनिटाची. ऐका. फक्त एक गोष्ट सुधारा, जोर किंवा वेग किंवा सुरुवात. पुन्हा रेकॉर्ड करा. सगळं लिहून पाठ करू नका. पाठ केलेलं लगेच ओळखू येतं, आणि कुणी मधे प्रश्न विचारला की सगळं विस्कटतं.

वर्गात गेल्यावर एकच नियम: पहिल्या पंधरा मिनिटांत एकदा तोंड उघडायचं. प्रश्न विचारला तरी चालेल. जसजसा वेळ जातो तसतसं ते पहिलं वाक्य जड होत जातं. तीन ओळींतला प्रश्न तयारच आहे, तो आधी टाका.

तिथे मदतही असते, ती घ्या. ब्रिटनमधल्या बहुतेक विद्यापीठांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी इन-सेशनल इंग्लिशचे वर्ग असतात, बहुतेक ठिकाणी मोफत. तिथे जाणं कमीपणाचं नाही. प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स ठरलेले असतात. रिकाम्या हातानं जाऊ नका. "मी हे वाचलं, मला एवढं कळलं, इथे अडलं", एवढं घेऊन जा. दहा मिनिटांची ती भेट म्हणजे एकास एक सराव आहे. एकदा तिथे बोललात की वर्गात त्यांच्यासमोर बोलणं हलकं होतं. हाक कशी मारायची कळत नसेल तर त्यांच्या ईमेलखालची सही बघा. बरेच जण नुसतं पहिलं नाव लिहितात. मग तसंच म्हणायचं, सुरुवातीला जीभ अडखळली तरी.

आणि हो, मराठी मुलांबरोबर राहता म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. दिवसभर परक्या भाषेत डोकं शिणल्यावर पिठलं-भात आणि मराठी गप्पा लागतातच. फक्त आठवड्यातला एक तास इतर देशांच्या दोन-तीन मुलांबरोबर लेखावर बोलायला बसा. चिनी, नायजेरियन, ब्राझिलियन, सगळे त्याच होडीत आहेत. लंडनमध्ये वाढलेल्या मुलालाही सेमिनारची ही भाषा विद्यापीठात येऊनच शिकावी लागते.

तर या आठवड्याचं काम. कुठलाही एक लेख घ्या, तीन ओळी लिहा, दीड मिनिटाची व्हॉइस नोट करा. तिकीट सप्टेंबरचं असो की पुढच्या वर्षीचं, सुरुवात आजच होऊ शकते. ज्यांच्या बॅगा भरून झाल्यात त्या मित्रमैत्रिणींना हा भाग पाठवा. आणि तुमच्या विषयातला जोर चुकणारा एखादा शब्द असेल तर आम्हाला कळवा, पुढच्या भागात घेऊ.

भेटू या. तोवर बोलत राहा!